घरी राहून दारू सोडताना

वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एका दिवसात बंद केली, तर काही तासांतच शरीर बंड करून उठते. हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना खोलीत नसलेली माणसे दिसतात आणि थोड्यांच्या बाबतीत हे जिवावर बेतते. अंगातली दारू उतरून मेंदू तिच्याविना चालायला शिकेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस जातात. हा काळ औषधांच्या आधाराने सुखरूप पार पाडणे म्हणजे निर्विषीकरण, अर्थात डिटॉक्स. रुग्णाची निवड काटेकोर असेल आणि रोजची देखरेख चुकत नसेल, तर सौम्य किंवा मध्यम अवलंबन असलेल्या बहुतेकांचे निर्विषीकरण घरीही होऊ शकते. मात्र घर की रुग्णालय हे कोणाच्या सोयीवरून ठरवायचे नसते. ते धोक्याच्या मोजमापावरून ठरते.

महाराष्ट्रात दारू एकदम बंद करण्याचे प्रसंग ओळखीचे आहेत. श्रावण लागतो, नवरात्र बसते, कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. अधूनमधून पिणाऱ्याला अशा निश्चयाने काहीच शारीरिक त्रास होत नाही. ज्याचा दिवसच दारूने सुरू होतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या निश्चयाला औषधाची जोड नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला इतका त्रास होतो की तो पुन्हा पितो, आणि घरचे त्याला ‘मनाचा कच्चा’ ठरवतात. पाय मोडून रुग्णालयात दाखल झालेला रोजचा पिणारा तिसऱ्या रात्री असंबद्ध बडबडू लागतो, तेव्हाही कारण हेच असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशभरातील दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली. त्यानंतर बंगळुरूच्या रुग्णालयांत दारू तुटल्याने गंभीर झालेल्या रुग्णांची संख्या वाढल्याची नोंद डॉक्टरांनी केली. या त्रासाचा संबंध मनाच्या ताकदीशी नाही, मेंदूच्या रसायनाशी आहे.

मेंदूत काय घडते

मेंदूतील पेशींना शांत ठेवणारा मुख्य रासायनिक दूत गाबा, तर त्यांना चेतवणारा मुख्य दूत ग्लुटामेट. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबून टाकते. म्हणूनच पहिल्या पेगाने माणूस सैलावतो, त्याची भीड चेपते. पुढे जीभ अडखळते आणि तोल जातो. हे रोजचे झाले की मेंदू समतोल सावरू पाहतो. गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंदावते आणि ग्लुटामेटची यंत्रणा अधिक संवेदनशील होते. पूर्वी दोन पेगांत येणारी नशा आता क्वार्टरनेही येत नाही. ‘त्याला दारू चढतच नाही’ असे ज्याच्याविषयी कौतुकाने सांगितले जाते, त्याचा मेंदू बहुधा या बदलाच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर असतो.

अशा मेंदूची दारू एकाएकी तुटली की शांत करणारी बाजू दुबळी आणि चेतवणारी बाजू प्रबळ, अशी स्थिती होते. नाडी धावते, रक्तदाब चढतो, हात कापतात. ही उत्तेजना फार वाढली तर फिट येते. काही आठवड्यांत मेंदू बऱ्याच अंशी पूर्वपदावर येतो. मात्र दारू तुटण्याचा तीव्र अनुभव वारंवार आला, तर पुढच्या प्रत्येक खेपेला त्रास अधिक गंभीर होण्याची आणि फिट येण्याची शक्यता वाढत जाते. मागच्या वेळी काही झाले नाही म्हणून या वेळीही होणार नाही, हा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरू शकतो.

लक्षणांचे वेळापत्रक

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत पहिली लक्षणे दिसतात. हातांची थरथर, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी आणि निद्रानाश ही त्यांतली मुख्य. रोज सकाळी उठल्याउठल्या ज्याला ‘उतारा’ म्हणून दारू लागते, त्याच्या बाबतीत ती रात्रभरात तुटलेल्या दारूची लक्षणेच शमवत असते. १२ ते २४ तासांत काहींना भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाक मारल्यासारखे वाटते. तरी आपण कुठे आहोत याचे भान शाबूत असते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो.

सर्वांत गंभीर अवस्था डिलिरियम ट्रेमेन्स. ती बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होते. रुग्णाला दिवस-रात्र, जागा, माणसे यांचा बोध राहत नाही. तो घाबरतो, उठून पळू पाहतो; ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब बेकाबू होतात. अतिदक्षता उपचार नसण्याच्या काळात यात मृत्यूचे प्रमाण मोठे होते. आज वेळेवर उपचार मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली राहते. दारू तुटणाऱ्यांपैकी मोजक्याच लोकांना ही अवस्था येते. पण ती चौथ्या दिवशीही सुरू होऊ शकते, म्हणून पहिले दोन दिवस बरे गेले तरी देखरेख सैल करता येत नाही.

उपचार रुग्णालयातून घरी कसा आला

डिलिरियम ट्रेमेन्स हे नाव इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये दिले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हा त्रास दारूच्या विषारीपणामुळे होतो की कुपोषणामुळे, यावर वाद चालू राहिला. १९५५ मध्ये हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्झिंग्टन येथे केलेल्या प्रयोगाने त्याचा निकाल लावला. १० स्वयंसेवकांना पुरेसा आहार देत रोज दारू दिली गेली आणि मग ती अचानक बंद केली. त्यांपैकी सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत होते. त्यांच्यापैकी काहींना फिट आल्या, काहींना डिलिरियम झाला. आहार चांगला असूनही हे घडले, म्हणजे कारण दारू तुटण्यातच होते. असा प्रयोग आजच्या वैद्यकीय नीतिनियमांत बसणार नाही, पण त्याने दिलेले ज्ञान अजूनही उपचाराच्या मुळाशी आहे.

१९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड हे बेन्झोडायझेपिन गटातील पहिले औषध बाजारात आले. ते गाबाचा परिणाम वाढवते, म्हणजे दारूची शांत करणारी बाजू तात्पुरती सांभाळते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील मोठ्या चाचणीत ५३७ रुग्णांवर वेगवेगळ्या औषधांची तुलना झाली. फिट आणि डिलिरियम रोखण्यात क्लोरडायझेपॉक्साइड सरस ठरले. तोंडावाटे घेता येणारे, परिणामकारक औषध हाती आल्यावर प्रत्येक रुग्णाला खाटेवर ठेवणे गरजेचे आहे का, हा प्रश्न पुढे आला.

त्याचे एक उत्तर १९८९ मध्ये फिलाडेल्फियातून आले. मोटोई हायाशिदा आणि सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या १६४ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला दाखल केले. दुसरा गट घरी राहून रोज दवाखान्यात येत होता. दाखल गटातील ९५ टक्क्यांनी उपचार पूर्ण केले, घरी राहणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी. घरी राहणाऱ्यांचे उपचार सरासरी साडेसहा दिवसांत संपले, दाखल गटाचे नऊ दिवसांहून थोडे अधिक चालले. खर्च तर घरच्या गटात कितीतरी पटींनी कमी होता. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या स्थितीत फरक उरला नव्हता. ब्रिटनमध्ये एक्सेटर येथे टिम स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी याच सुमारास परिचारिकेने रुग्णाच्या घरी जाण्याची पद्धत बसवली. तिचे पुढे अनेक ठिकाणी अनुकरण झाले.

घर कोणासाठी, रुग्णालय कोणासाठी

पहिली पायरी म्हणजे पिण्याचे खरे प्रमाण. भारतात मिळणाऱ्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूच्या ३० मिलीच्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम, तर ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम. हातभट्टीच्या दारूची तीव्रता ठरलेली नसते, त्यामुळे तिथे बाटल्या मोजून अंदाज बांधणे फसवे ठरते आणि लक्षणांवर अधिक भर द्यावा लागतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, नाइसने, २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाला सुमारे १२० ग्रॅमहून अधिक अल्कोहोल, म्हणजे साधारण दोन क्वार्टरहून जास्त, घेणाऱ्याला दारू थांबवताना वैद्यकीय मदतीची गरज आहे का, हे तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या ऑडिट या १० प्रश्नांच्या चाचणीत ४० पैकी २० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यालाही हेच लागू होते. रोज सुमारे २४० ग्रॅमहून अधिक, म्हणजे जवळपास चार क्वार्टरपेक्षा जास्त पिणाऱ्याचे निर्विषीकरण दाखल करूनच करण्याचा विचार व्हावा.

प्रमाण कमी असले तरी काही गोष्टी घरच्या उपचारांना सरळ नकार देतात. पूर्वी कधी फिट किंवा डिलिरियम झालेला असणे ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची. कावीळ, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, ताप किंवा न्यूमोनिया, नुकताच डोक्याला मार लागणे, गर्भारपण, तीव्र कुपोषण, आत्महत्येचे विचार किंवा गंभीर मानसिक आजार यांपैकी काहीही असेल तर रुग्णालय हवे. झोपेच्या गोळ्या किंवा गर्द यांचीही सवय असलेल्याचे, तसेच वृद्ध आणि बेघर रुग्णांचे निर्विषीकरण घरी करण्याचा धोका पत्करू नये.

यानंतर तपासायचे ते घर. पहिले तीन-चार दिवस रात्रंदिवस सोबत राहील असे एक जबाबदार, न पिणारे माणूस हवे. त्याच छपराखाली दुसरे कोणी पिणारे असेल, किंवा मारहाणीचा इतिहास असेल, तर ते घर उपचाराला योग्य नाही. मारहाण सोसलेल्या पत्नीवर औषधे सांभाळण्याची जबाबदारी टाकणे तिच्यासाठी धोक्याचे असते. फोन चालू हवा, वाहन मिळण्याजोगे हवे आणि चोवीस तास उघडे असणारे रुग्णालय आवाक्यात हवे. वाडी-वस्तीवरून तालुक्याला पोहोचायला पावसाळ्यात अर्धा दिवस लागत असेल, तर सौम्य त्रासाच्या रुग्णालाही तेवढे दिवस तालुक्याच्या ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांत आधी हवी ती रुग्णाची संमती. काय होणार, कोणते औषध कशासाठी, किती दिवस त्रास होईल, हे त्याला समजावून सांगितलेले असले पाहिजे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व मादक पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे. त्यामुळे उपचारात सन्मान आणि संमतीचा हक्क या रुग्णांनाही तितकाच आहे. खोलीत कोंडून किंवा बांधून ठेवून दारू ‘सोडवणे’ हा उपचार नव्हे.

पूर्वतयारी

उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टर शेवटचे पिणे कधी झाले, किती वर्षे आणि किती प्यायले जाते, पूर्वी सोडताना काय झाले, हे विचारतात. नाडी, रक्तदाब, तापमान, तोल, डोळ्यांची हालचाल आणि यकृताची सूज तपासली जाते. रक्तातील साखर, रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य आणि सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार यांच्या चाचण्या केल्या जातात. लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी सीवा नावाची १० मुद्द्यांची श्रेणी वापरतात. मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थता, डोकेदुखी, भान आणि तीन प्रकारचे भास यांना गुण देतात. एकूण गुण ६७ असतात. ८-१० च्या खाली त्रास सौम्य समजला जातो, १५ च्या वर तो गंभीर होत चाललेला असतो.

सुरुवात आठवड्याच्या आरंभी करणे सोयीचे, म्हणजे धोक्याचे पहिले चार दिवस दवाखाना उघडा असतानाचे येतात. रुग्णाने कामावरून किमान आठवड्याची रजा घ्यावी. या काळात दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर किंवा यंत्र चालवणे पूर्ण बंद. घरातली दारू, त्यात कपाटामागे आणि गोठ्यात दडवलेल्या बाटल्याही आल्या, रुग्णाच्या सहमतीने बाहेर काढावी. भेटायला येणाऱ्या मित्रांना आठवडाभर थांबायला सांगावे.

डॉक्टरांची भेट मिळायला काही दिवस लागणार असतील, तर रोज भरपूर पिणाऱ्याने तोवर स्वतःच्या मनाने दारू एकदम तोडू नये. प्रमाण वाढू न देता, जमेल तसे थोडे थोडे कमी करत भेटीपर्यंत पोहोचणे अधिक सुरक्षित. हा सल्ला घरच्यांना पटत नाही, पण फिट आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना त्याचा अर्थ लगेच कळतो.

औषधे

मुख्य औषध बेन्झोडायझेपिन गटातले, बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. पहिल्या दिवशी मात्रा सर्वाधिक असते. ती दिवसातून तीन-चार वेळा विभागून देतात आणि रोज पायरीपायरीने कमी करत पाच ते सात दिवसांत शून्यावर आणतात. लक्षणे मोजून गरजेप्रमाणे मात्रा देण्याची पद्धत प्रशिक्षित परिचारिका सतत हजर असलेल्या वॉर्डात चालते. घरी मात्र ठरलेल्या वेळापत्रकाची पद्धत वापरतात. यकृत फार बिघडलेले असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्झाझेपाम निवडतात, कारण ती औषधे यकृतात साध्या मार्गाने मोडतात आणि शरीरात साचत नाहीत. मात्रा प्रत्येकाच्या पिण्याच्या प्रमाणावर, वयावर आणि यकृतावर ठरते. शेजाऱ्याला दिलेल्या चिठ्ठीवरून ठरत नाही.

या गोळ्यांचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्या दारूबरोबर पोटात जाणे. दोन्ही मिळून झोप आणि श्वास धोकादायक पातळीपर्यंत मंद करू शकतात. म्हणून एका वेळी दोन दिवसांहून अधिक गोळ्या घरात न ठेवण्याची शिस्त पाळली जाते. गोळ्या सोबत्याच्या ताब्यात असतात, तो त्या समोर गिळायला लावतो आणि वेळ वहीत लिहितो. रुग्ण प्यायला असल्याचा संशय आला तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना फोन करावा. शिवाय या गोळ्यांचीही सवय लागते. आठवड्याचा क्रम संपला की त्या थांबल्या पाहिजेत. ‘झोप येत नाही’ म्हणून मेडिकलमधून आणून चालू ठेवल्या, तर एका व्यसनाच्या जागी दुसरे येते.

दुसरे अत्यावश्यक औषध थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते आहारातून कमी जाते आणि आतड्यांतून नीट शोषले जात नाही. त्याच्या तीव्र अभावी मेंदूचा एक आजार होतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये त्याचे वर्णन केले. गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीतील बिघाड आणि चालताना झोक जाणे ही त्याची लक्षणे. वेळेवर थायमिन न मिळाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. त्यामुळे सर्वांना थायमिनच्या गोळ्या देतात, आणि खंगलेल्या किंवा नीट न जेवणाऱ्या रुग्णांना पहिले काही दिवस इंजेक्शन देतात.

‘एक सलाईन लावा म्हणजे दारू उतरेल’ ही समजूत सार्वत्रिक आहे. यकृत तासाला सुमारे एका पेगाइतके अल्कोहोल आपल्या गतीने मोडते. सलाईनने ती गती वाढत नाही. उलट, थायमिन न देता ग्लुकोजची सलाईन चढवली, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडून मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून थायमिन आधी किंवा सोबत, हा क्रम डॉक्टर पाळतात.

घरातले सात दिवस

पहिल्या दिवशी सकाळी तपासणी होऊन पहिली मात्रा दिली जाते. पहिले तीन-चार दिवस डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित कार्यकर्त्याने रोज रुग्णाला पाहणे इष्ट असते, शक्य तर घरी जाऊन, नाहीतर दवाखान्यात बोलावून. दर भेटीत नाडी, रक्तदाब, थरथर, घाम, भान आणि झोप यांची नोंद होते. शक्य असेल तिथे श्वासातील अल्कोहोल मोजतात. रुग्ण फार झोपाळलेला असेल तर मात्रा कमी करतात, थरथर आणि घाम वाढत असतील तर वाढवतात. दोन भेटींच्या मध्ये फोनवर चौकशी हवीच.

खोली शांत असावी, पण अंधारी नसावी. रात्री मंद दिवा चालू ठेवला की सावल्यांमुळे होणारे भास आणि भीती कमी होते. पहिल्या दोन दिवसांत भूक नसते. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, केळी असे थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. बळजबरीने खूप पाणी पाजण्याची गरज नसते. चहा-कॉफी वाढवल्यास धडधड आणि निद्रानाश वाढतात. चिडचिड, रडू येणे, ‘एकच पेग द्या’ अशी विनवणी हे सारे अपेक्षित आहे. त्या वेळी जुने हिशेब काढून भांडू नये. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. बोलत बसणे, आंघोळ, अंगणात फेरी यांनी तेवढा वेळ निघतो.

तिसरा-चौथा दिवस कसोटीचा. पाचव्या दिवसापर्यंत बहुतेकांची थरथर ओसरते, जेवण जाऊ लागते, चेहऱ्यावर तजेला येतो. झोप मात्र सर्वांत शेवटी सुधारते. ती काही आठवडे अपुरी राहू शकते, हे आधीच सांगून ठेवले तर रुग्ण धीर सोडत नाही.

लगेच रुग्णालयात न्यायचे केव्हा

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरचा उपचार थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी: फिट येणे, दिवस, जागा किंवा माणसे न ओळखणे, भास वाढत जाणे, अंगात ताप, सतत उलट्या किंवा उलटीत रक्त, छातीत दुखणे, दोन-दोन दिसणे किंवा चालताना झोक जाणे, हाक मारूनही न उठण्याइतकी झोप किंवा मंदावलेला श्वास, स्वतःला इजा करण्याची भाषा.

फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि किती वेळ झटके येतात ते पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. त्यात वेळ मात्र जातो. झटके थांबले तरी रुग्णालयात नेणे आवश्यक, कारण पहिल्या फिटनंतर दुसरी फिट किंवा डिलिरियम येऊ शकतो.

दारूखेरीज इतर पदार्थ

प्रत्येक पदार्थाचे तुटणे वेगळे असते. गर्द किंवा ब्राउन शुगर बंद केल्यावर येणारी ‘टर्की’ ६ ते १२ तासांत सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत शिखर गाठते. अंगदुखी, जुलाब, नाक-डोळ्यांतून पाणी, पोटात कळा यांनी माणूस हैराण होतो. अन्यथा निरोगी माणसाच्या जिवाला त्यामुळे सहसा धोका नसतो. खरा धोका नंतर येतो. काही दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्याच मात्रेने श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. म्हणून अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत केवळ निर्विषीकरणापेक्षा ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर दीर्घकाळ ठेवणारे उपचार अधिक सुरक्षित मानले जातात. ब्युप्रेनॉर्फिनची सुरुवात लक्षणे स्पष्ट दिसू लागल्यावरच करावी लागते. आधी दिल्यास ते स्वतःच तीव्र टर्की आणते. गर्भवतीचे गर्द अचानक बंद करू नये.

झोपेच्या गोळ्यांची सवय दारूइतकीच धोक्याची. त्या एकदम तोडल्यास फिट येऊ शकते. त्या आठवडे ते महिने घेऊन अगदी हळूहळू कमी कराव्या लागतात. गांजा सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश आणि भूक मंदावणे दोनेक आठवडे राहते. त्यासाठी बहुधा धीर आणि समुपदेशन पुरते.

भारतातील गरज आणि वाटा

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींना तिच्यामुळे मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे, तर १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. एवढ्या लोकांसाठी खाटा कधीच पुरणार नाहीत. ज्यांचा धोका कमी आहे त्यांचे उपचार घरी किंवा गावात झाले, तरच खाटा गंभीर रुग्णांसाठी मोकळ्या राहतील.

तशी उदाहरणे देशात आहेत. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानने तमिळनाडूतील मंजक्कुडी गावात शिबिरे भरवून गावातच निर्विषीकरण आणि समुपदेशन केले. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियान गावपातळीवर उपचार शिबिरे आणि तालुक्यांत दवाखाने चालवते. गोव्यात संगथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशक नेमून अतिमद्यपानावरील उपचार तपासले. घरी करायच्या निर्विषीकरणाचाही तिथे अभ्यास झाला. दीर्घ निवासी उपचारांची गरज असलेल्यांसाठी पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करते. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग ही सर्वसामान्यांना परवडणारी पहिली पायरी. टेलि-मानसच्या १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत क्रमांकांवर मार्गदर्शन मिळते.

आठवड्यानंतर

निर्विषीकरणाने शरीर दारूपासून सुटते. पिण्याची ओढ तेवढ्याने जात नाही. केवळ गोळ्यांचा आठवडा पुरा करून थांबलेल्यांपैकी बरेच जण काही आठवड्यांत पुन्हा पितात. म्हणून पुढच्या उपचाराची तारीख पहिल्याच भेटीत ठरवायला हवी. त्यात समुपदेशन, कुटुंबाबरोबर बैठका, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारखे सहायता गट आणि औषधे येतात. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ओढ कमी करतात. डायसल्फिराम १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये पुढे आले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या आणि रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो, म्हणून ते पूर्ण माहितीनिशी आणि संमतीनेच द्यायचे असते.

‘पिणाऱ्याला नकळत द्या’ अशा जाहिरातींच्या भुकटीत काय असते हे रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि तो त्यावर प्यायला, तर प्राणाशी गाठ पडू शकते. शिवाय कालवणातून औषध घातल्याचे कळले की पत्नीवरचा आणि आईवरचा विश्वास तुटतो. पुढच्या उपचारांचा पाया तोच असतो.

पुन्हा पिणे झाले तर तो उपचारांचा शेवट नसतो. मधुमेहात साखर वाढली म्हणून कोणी उपचार सोडत नाही. अशा वेळी उरलेल्या गोळ्यांवर घरच्या घरी दुसरी फेरी सुरू न करता डॉक्टरांकडे लगेच परतावे. किती दिवस आणि किती पिणे झाले ते सांगावे आणि नव्याने तपासणी करून घ्यावी. मागील खेपेचा अनुभव, वाढलेले वय आणि यकृताची स्थिती पाहून या वेळी घर की रुग्णालय, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागते.